खंडी आणि गुंडी

(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी अधिकारी व्यक्ती बोलतीलच. माझ्याकडे आलेला विषय लहान आहे. सभागृहाच्या दाराशी आपण दोन पेटीचरखे मांडले आहेत, त्यांच्याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची सूचना आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी कातायला शिकलो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. काहींनी त्याचे कौतुक केले, काहींनी थट्टा केली. इतका उशीर का झाला, हे मात्र कोणी विचारले नाही. आज ते सांगतो.

आपला खानदेश कापसाचा. तापी-गिरणेच्या काठची काळी जमीन आणि कापूस यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. पुढे रेल्वेच्या आधाराने जळगाव, अमळनेर, धुळे येथे गिरण्या, जिन आणि प्रेस उभे राहिले. राजस्थानातून, गुजरातेतून आलेली आपली कितीतरी कुटुंबे याच कापसाच्या आडतीवर स्थिरावली. आपली मंदिरे, स्थानके, पाठशाळा, वसतिगृहे यांच्या देणगीफलकांवरील नावे वाचत गेलो, तर त्यांतील बऱ्याच नावांमागे कापसाची गाडी उभी दिसेल. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडनकर्म आहे. जिन-प्रेस त्यात बसतात की नाही, यावर मी मत देणार नाही. तो अधिकार साधुसाध्वींचा. पण कापसाशी आपले नाते पैशाचे होते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

माझे वडील धुळ्याच्या बाजारात कापसाचे आडते होते. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू समांतर करायचे, बोटाशी लावायचे आणि लांबी सांगायची, अशी त्यांची हातोटी होती. ओलावा त्यांना नुसत्या मुठीत कळे. त्यांच्या तोंडी शब्द खंडीचा. खंडी म्हणजे ७८४ पौंड, आजच्या मापाने सुमारे ३५६ किलो. 'पन्नास खंडी दिली', 'शंभर खंडी घेतली', असे टेलिफोनवर एका वाक्यात होऊन जाई.

त्याच घरात दुसरा एक शब्द होता, गुंडी. तो आईचा. चार फुटांचा एक तार, असे ६४० तार म्हणजे एक गुंडी. यार्डांत मोजली तर साडेआठशेच्या थोडी वर भरते.

आईचे माहेर यावल तालुक्यात. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. अध्यक्ष पंडित नेहरू होते. नंदलाल बोस यांनी बांबू-चटया अशा गावच्याच साहित्यातून नगर सजवले होते. आई बैलगाडीतून गेली होती. नेहरूंचे भाषण तिला आठवत नसे. खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनात ओळीने बसून कातणाऱ्या बायका मात्र अखेरपर्यंत आठवत. परत आल्यावर तिने वडिलांकडे हट्ट धरून टकळी मिळवली. लग्न होऊन धुळ्यास आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत पेटीचरखा होता.

धुळ्याला कारागृहाच्या रस्त्याने जाताना ती आम्हांला आवर्जून ती भिंत दाखवी. १९३२ साली विनोबा तेथे बंदिवान होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने त्यांनी गीतेवर दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या गुरुजींचे खानदेशावर हे आणखी एक ऋण. 'जैन घरात गीता प्रवचने कशी?' असे कोणी विचारले, तर आई म्हणे, 'कर्माविषयी कोणी नीट सांगत असेल, तर ऐकून घ्यावे.' हेच विनोबा पुढे वर्ध्याजवळ नालवाडीस कताईच्या मजुरीवर माणसाचे पोट भरते का, याचा प्रयोग स्वतःवर करीत बसले, हे तिला विशेष वाटे.

तिचा नेम असा. पहाटे सामायिक. त्यासाठी अठ्ठेचाळीस मिनिटांची वाळूची घडी आमच्याकडे होती. सामायिक पारले, कटासणे उचलले, की ती तीच घडी पुन्हा उलटी करी आणि चरखा उघडून बसे. कातणे म्हणजेच सामायिक, असे तिने कधी म्हटले नाही आणि मीही म्हणणार नाही. सामायिकात सावद्य व्यापाराचा त्याग असतो; चरखा कितीही सात्त्विक असला तरी तो व्यापारच. पण पिंजण्याआधी ती कापूस ताटात पसरून, त्यात अळी-किडा नाही ना, हे बोटांनी पाहत असे. जयणा हा शब्द मी पाठशाळेत ऐकला. पाहिला तो त्या ताटात.

वडिलांना हे आवडत नसे. ते वाईट नव्हते, पण बाजारात त्यांची पत होती. 'आडत्याच्या घरची बाई सूत काढते, लोकांना वाटेल पेढी बुडाली,' असे ते एकदा म्हणाले. तेव्हापासून आई माजघरात, दार लोटून कातू लागली. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिने मला जवळ बोलावून म्हटले, 'बस, शिकवते.' मी दाराकडे पाहिले आणि 'अभ्यास आहे' असे सांगून उठलो. अभ्यास नव्हता. नंतर तिने पुन्हा विचारले नाही.

ती गेल्यावर ट्रंकेत अकरा गुंड्या निघाल्या. जुन्या पांढऱ्या पातळात बांधलेल्या, कधीच न विणलेल्या. मी त्या जळगावी आणल्या आणि कपाटात ठेवल्या. त्यानंतर कितीतरी वर्षे मीही खंडीच्याच भाषेत बोलत होतो.

व्यवसाय मुलांकडे सोपवल्यावर शिकायचे ठरवले. मला शिकवले एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योगाचे शिक्षण आले, शाळाशाळांतून टकळ्या फिरू लागल्या. त्या परंपरेतल्या त्या शेवटच्या पिढीतल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला चरख्याला हातच लावू दिला नाही. पेळू हातात दिला आणि म्हणाल्या, 'भाऊ, हा नुसता धरून बसा. दाबू नका.' मला ते जमेना. मूठ आपोआप आवळली जाई. वडिलांची सवय, ओलावा पाहण्याची.

कातण्याचे तंत्र सांगायला सोपे आहे. उजवा हात चक्र फिरवतो, डाव्या हातात पेळू. चातीच्या टोकाशी सूत तिरपे धरले, की प्रत्येक फेऱ्याला ते टोकावरून निसटते आणि त्याला पीळ बसतो. हात मागे जातो तसतसे पेळूतून तंतू सुटत जातात. हात पुरता लांब गेला, की चक्र जरासे उलटे फिरवायचे, टोकावरचा वेढा सोडायचा, सूत चातीशी काटकोनात आणायचे आणि गुंडाळून घ्यायचे. बस्स. पण पीळ कमी पडला तर सूत तुटते; जास्त झाला तर आक्रसून कुरळे होते, त्याच्या गाठी पडतात. एक हात जोरात आणि दुसरा अगदी सैल, हे एकाच वेळी साधावे लागते. माझा चक्राचा वेग वाढला, की पेळूवरची पकडही घट्ट होई. बाई म्हणत, 'ओढू नका, सोडा.' हा 'सोडा' कळायला मला तीन आठवडे लागले. तोवर माळ घसरत होती आणि टाकाऊ सुताचा ढीग वाढत होता. एकदा रागाने मी पेटीचे झाकण आपटले. बाईंनी ते शांतपणे उघडले आणि तुटलेले टोक पेळूला कसे जोडायचे, ते अकराव्यांदा दाखवले.

जरा जमू लागल्यावर मला वाटले, आता मी पूर्ण खादीधारी. बाईंनी विचारले, 'पेळू कुठला?' तो विकतचा होता, यंत्रावर झालेला. गांधीजींची हीच अडचण झाली होती, हे नंतर आत्मकथेत वाचले. 'हिंद स्वराज्य' १९०९ सालचे. पण ते लिहीपर्यंत हातमाग वा चरखा पाहिल्याचे आठवत नाही, असे ते स्वतःच सांगतात. पुढे गंगाबेन मजमुदार यांनी बडोदे संस्थानातील विजापूर येथे रहाट शोधून काढला. रहाट मिळाला, पण पेळू नव्हते. उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून ते पुरवले. गिरणीचे पेळू घ्यायचे तर गिरणीचे सूत का नको, असे गांधीजींच्या मनाने घेतले आणि मग पिंजारी शोधला गेला.

मीही शोधला. लहानपणी दिवाळीआधी धुळ्याच्या गल्लीतून धनुकलीची तार छेडत जाणारे पिंजारी आता राहिले नाहीत. गाद्या भरणाऱ्या एका वृद्ध पिंजारी चाचांनी माळ्यावरची धनुकली काढून दिली. प्रेसच्या गठाणीतला कापूस त्यांनी नाकारला. दाबलेला तंतू पुन्हा मोकळा होत नाही, म्हणाले. शेतातून आणलेल्या कापसाची सरकी घरी हाताने काढली. एका पसाभर रुईला अख्खी दुपार गेली. ज्या वस्तूच्या शेकडो गठाणी मी आयुष्यभर विकल्या, ती वस्तू मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिली, असे वाटले.

माझी पहिली पूर्ण गुंडी सोनाराच्या काट्यावर तोलली. बावन्न ग्रॅम भरली. लांबी तीच असता वजन जितके कमी, तितके सूत बारीक आणि त्याचा नंबर मोठा. माझे सूत नऊ नंबरचेही नव्हते. सुतळीच म्हणा ना. मग कपाटातून आईच्या अकरा गुंड्या काढल्या आणि एकेक करून काट्यावर ठेवल्या. एकही बावीस ग्रॅमच्या खाली गेली नाही, एकही चोविसाच्या वर गेली नाही. वीस नंबरचे सूत, देशी कापसाचे, आखूड तंतूचे, लोटलेल्या दाराआडच्या अंधारात काढलेले. घरात कापसाची पारख एकट्या वडिलांनाच आहे, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या रात्री मी हिशेब केला, व्यापाऱ्याची खोड. वीस नंबरच्या सुताने एका खंडीच्या सुमारे पंधरा हजार चारशे गुंड्या होतात. रोज एक गुंडी न चुकता कातली, तर एक खंडी संपवायला बेचाळीस वर्षे लागतील. वडील टेलिफोनवर पन्नास खंडी म्हणत, तेव्हा ते कातणाऱ्या बाईची दोन हजार वर्षे बोलत होते. गिरण्या का आल्या, हेही यातूनच कळते. मी गिरणीचा वैरी नाही. कातणारणीला पोटापुरते मिळावे म्हणून १९३५ साली चरखा संघाने मजुरी वाढवण्याचे ठरवले, तेव्हा खादी महागली आणि गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. ती कुरकुर आजही खादीच्या दुकानात ऐकू येते. मीही पूर्वी करीत असे.

आपल्या जळगावात जैन हिल्सवर भवरलालजी जैन यांनी गांधीतीर्थ उभे केले. तेथील संग्रहालय २०१२ साली खुले झाले. आपण पाहुण्यांना ते अभिमानाने दाखवतो. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे जन्मलेल्या आचार्य विद्यासागरजी महाराजांनी, ज्यांची समाधी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, हातमागाला प्रेरणा दिली; तुरुंगातील बंद्यांच्या हातीही माग गेले. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही.

म्हणून विश्वस्तांना एक विनंती आहे. दाराशी मांडलेले ते दोन चरखे समारंभानंतर काचेच्या कपाटात जाणार आहेत, असे ऐकतो. ते तसे ठेवू नयेत. रविवारी सकाळी प्रवचनानंतर पाठशाळेची खोली रिकामी असते. तेथे ते उघडे ठेवावेत. मी येऊन बसेन. बाई आता थकल्या आहेत, तरी महिन्यातून एकदा येईन म्हणाल्या आहेत. मुलगे, मुली, सुना, सासवा, कोणीही यावे. दार उघडे राहील.

आईच्या अकरा गुंड्यांचे साधारण दोन मीटर कापड होईल, असे विणकराने सांगितले आहे. सूत जुने झाले आहे, मागावर तुटेल, अशी त्याला भीती वाटते. त्यातली एक गुंडी त्याला नमुन्यादाखल दिली आहे. उरलेल्या दहा मी आज सोबत आणल्या आहेत. कार्यक्रमानंतर ज्यांना हातात घेऊन पाहायच्या असतील, त्यांनी जरूर पाहाव्यात.

जय जिनेंद्र.