पाणी कुणाच्या विहिरीत मुरलं?

(नाशिक येथे युवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



विकासाचे अभ्यासक आणि आपण, असा विषय तुम्ही मला दिलाय. मी अभ्यासक नाही. गोदीत काम करतो, शिक्षण मॅट्रिक. पण माझ्या आजीवर, माझ्या वस्तीवर अभ्यास पुष्कळ झालाय. त्यामुळे बोलायचा हक्क पोचतो.

गोदीत टॅली क्लार्क असतो. माल किती उतरला ते तो लिहितो. कुणाचं बोट चेंगरलं, हे त्याच्या वहीत येत नाही. तो माणूस वाईट नसतो. वहीत तो रकानाच नसतो. मला एवढंच विचारायचंय, रकाने आखतं कोण?

१९७१ साली पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास छापला. पैसा अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचा. माणशी रोजचे २२५० उष्मांक हे माप धरलं, आणि १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस, अशी रेघ ओढली. मोठं काम होतं, ते मी नाकारत नाही. गरिबांना काम द्या, असंही त्यांनी सांगितलं. पण उष्मांक मोजताना ते अन्न शिजवायचं पाणी कुठल्या पाणवठ्यावरून आणलं, याला रकाना नव्हता. ज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नाहीत त्याची गरिबी आणि बाकीच्यांची गरिबी एकाच रेघेखाली.

मग १९७२ चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसं होती. माझी आजी तेव्हा सतरा वर्षांची, सिन्नर तालुक्यात पाझर तलावावर. मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. ती सांगते, "घण सगळ्यांचा सारखा, डेरा तेवढा येगळा. आमच्या ओंजळीत वरून ओतायचे." हे कुठल्या हजेरीपत्रकात सापडणार?

त्या आधी १९६५ साली वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला कामाच्या हमीचा प्रयोग केला होता. दुष्काळाने त्याला राज्यभर पाय फुटले. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला तो याच योजनेसाठी. आजही माझ्या पगारातून दोनशे रुपये कापले जातात. पुढे परदेशातून विद्वान आले, ज्याँ द्रेझसारख्यांनी या दुष्काळावर लिहिलं, जगभरच्या विद्यापीठांत चर्चा झाली, आणि २००५ साली देशाचा कायदा झाला. म्हणजे खडी फुटली आमच्या हाताने आणि ग्रंथ झाले त्यांचे. असू द्या. कायदा झाला, त्याचं श्रेय मी काढून घेत नाही.

पण पाझर तलावाचं बघा. तलावातलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींत उतरतं. विहीर कुणाची? जमीन ज्याची त्याची. आजीला मजुरी मिळाली, त्याला पाणी मिळालं. मजुरी आठवड्यात संपली. पाण्यावर त्याची पोरं शिकली. १९९० ला याच योजनेला फळबाग जोडली. झाड लावायला आधी वावर लागतं की नाही? दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्याचे. १९५९ ला आणि १९६४-६५ ला त्यांच्यामागे भूमिहीनांनी तुरुंग भरले. आम्ही जमीन मागत होतो, हातात घण मिळाला. अहवालात मात्र किती मनुष्यदिवस काम झालं त्याचे आकडे. आणि आमच्या आया-आज्या काय मनुष्यदिवस होत्या काय?

मागे वस्तीत एका संस्थेची मुलगी आली होती. बिचारी दमलेली, चांगली होती. आजीला विचारत होती, घरात पंखा आहे का, गॅस आहे का, संडास आहे का. दीड तास. शेवटी आजी म्हणाली, "बाई, तू माझं सगळं लिहून नेलंस. आता तुझ्या पोथीत काय निघालं ते सांगायला कधी येशील?" तिने खाली बघितलं. तिच्या हातात नव्हतंच ते. अहवाल इंग्रजीत होतो, दिल्लीला जातो, तिथून आणखी वर जातो. आजी अजून विचारते, ती पोरगी आली का रे.

काही मित्र म्हणतात, उद्यापासून फॉर्मवाल्यांना वस्तीत पाऊल ठेवू देऊ नका. हे मला पटत नाही. बाबासाहेब कोण होते? १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. सगळे म्हणत होते तुकडे जोडा. त्यांनी विचारलं, भांडवल कुठाय? आणि शेतीवर बसून राहिलेल्या रिकाम्या हातांना काम कुठाय? त्यासाठी कारखाने काढा म्हणाले. आकडे तेच होते, रकाना त्यांनी स्वतः आखला. च्यायला, आपण त्यांचे फोटो लावतो आणि वही मात्र दुसऱ्याच्या हातात देतो.

तर असं ठरवूया. आजी ज्या तलावावर होती तो अजून आहे. खालच्या अंगाच्या विहिरी मोजायच्या. सातबारा काढायचा, कुणाची विहीर, कुठल्या जातीची, तळ्यापासून किती अंतरावर. तलावावर राबलेल्या ज्या बाया जिवंत आहेत त्यांची नावं एका बाजूला, विहिरींच्या मालकांची दुसऱ्या बाजूला. मराठीत लिहायचं आणि त्याच वस्तीत मोठ्याने वाचून दाखवायचं. पुढचा रविवार. सिन्नरच्या स्टँडवर सकाळी आठला. टेप मी आणतो, वही तुम्ही आणा.