रांग आहे कुठे? : इंग्लिश खाडीतल्या बोटींचा वाद

लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल, अभ्यासाचं नाटक करत असाल, जे चाललंय ते चालू राहू द्या. आज जायचंय इंग्लंडला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून रबरी बोटीत बसून जे लोक ब्रिटनमध्ये येतात, त्यांच्यावरून तिथे गेली काही वर्षं जो वाद पेटलाय, त्याबद्दल बोलू.

हा विषय घ्यायचं कारण सांगतो. तिकडे शिकणारी, नोकरी करणारी आपली मराठी मुलं या वादात बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतात : "आम्ही रांगेत उभं राहून आलो, हे लोक रांग मोडून येतात." हे वाक्य मला टाळता येत नाही, कारण त्यामागचा राग खरा आहे. स्टुडंट व्हिसा काढलेल्या कोणालाही विचारा. टीबीची टेस्ट, बोटांचे ठसे, बँकेत इतके दिवस इतके पैसे पडून असल्याचा पुरावा, व्हिसाची फी वेगळी आणि वर दर वर्षाचे ७७६ पौंड नुसता आरोग्य अधिभार. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं. आणि मग फोनवर व्हिडिओ दिसतो : बोटीतून उतरलेली माणसं, पुढच्या पोस्टमध्ये त्यांना मिळालेलं हॉटेल. डोकं फिरणारच.

पण हे वाक्य तपासून बघू. ही रांग नेमकी आहे कुठे?

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लिश खाडी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर आहे. म्हणजे चर्चगेट ते बोरिवली, साधारण तेवढंच. फरक एवढाच की मध्ये थंडगार पाणी आणि जगातला एक सगळ्यात गजबजलेला जहाजांचा रस्ता आहे. २०१८ साली छोट्या बोटींतून आलेल्यांची सरकारी नोंद होती २९९. पूर्ण वर्षात! २०२० मध्ये ती साडेआठ हजारांच्या आसपास गेली, २०२१ मध्ये २८ हजारांच्या वर आणि २०२२ मध्ये ४५ हजारांच्या पुढे. २०२३ मध्ये आकडा २९ हजारांवर उतरला, २०२४ मध्ये पुन्हा ३६ हजारांच्या वर गेला.

मग २०१८ च्या आधी लोक येत नव्हते का? येत होते, ट्रकमधून. फ्रान्समधल्या कॅले बंदराजवळ ट्रकच्या मागे लपायचं किंवा बोगद्यातल्या गाडीत घुसायचं. मग कुंपणं उंच झाली, कुत्रे आले, ट्रकच्या आत कोणी श्वास घेतंय का ते ओळखणारी यंत्रं आली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलेची 'जंगल' नावाने ओळखली जाणारी मोठी छावणी पाडली गेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात एका ट्रकच्या कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी लोकांचे मृतदेह सापडले. ट्रकचा रस्ता अवघड झाला, कोविडमध्ये ट्रक कमी झाले आणि तस्करांनी धंदा समुद्रावर नेला. एक फट बुजवली की पाणी दुसरीकडून झिरपतं, तसं.

आणि हा धंदाच आहे, व्यवस्थित चालणारा. २०२० मध्ये एका बोटीत सरासरी तेराएक माणसं असायची, आता पन्नासच्या वर असतात. बोट तेवढीच तकलादू. आता तर 'टॅक्सी बोट' नावाची पद्धत निघालीये. बोट किनाऱ्यावर येतच नाही, थोडी दूर पाण्यात थांबते. लोक छातीपर्यंतच्या पाण्यात, लहान मुलं खांद्यावर घेऊन तिच्याकडे चालत जातात. कारण फ्रेंच पोलीस वाळूवर अडवतात, पण माणसं एकदा पाण्यात उतरली की सहसा मागे जात नाहीत. झटापटीत कोणी बुडू नये म्हणून. तस्करांनी हा नियम बरोबर हेरला. २४ नोव्हेंबर २०२१ ला अशीच एक बोट बुडून किमान २७ जण गेले. २०२४ मध्ये या खाडीत सत्तरहून जास्त लोक मेले. त्यातले कित्येक बुडून नाही, तर खचाखच भरलेल्या बोटीत चेंगरून.

आता रांगेकडे येतो.

ब्रिटनमध्ये आश्रय मागायचा असेल तर नियम असा आहे की अर्ज ब्रिटनच्या भूमीवर उभं राहूनच करता येतो. बाहेरून नाही. आणि 'मला आश्रय मागायला यायचंय' या कारणासाठी व्हिसाच अस्तित्वात नाही. म्हणजे फॉर्मच नाही. खिडकीच नाही. सुदानचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२३ मध्ये तिथे युद्ध पेटलं आणि ब्रिटनने खार्टूममधले आपले राजनैतिक अधिकारी विमानाने बाहेर काढले. दारफुरमधल्या एखाद्या तरुणाने मग कुठे उभं राहायचं? विमानाचं तिकीट काढायला पैसे असले तरी व्हिसा नसलेल्या प्रवाशाला आणलं म्हणून विमान कंपनीला दंड होतो, त्यामुळे कंपनी त्याला चढूच देत नाही. आणि गंमत बघा, ही गंमत कडू आहे : हाच तरुण कसाबसा बोटीने पोहोचला, तर त्याचा अर्ज मंजूर होण्याची शक्यता प्रचंड. त्या काळात सुदानी लोकांचे जवळजवळ सगळे अर्ज मंजूर होत होते. म्हणजे सरकार म्हणतं, तू खरा निर्वासित आहेस, पण हे सिद्ध करायला आधी समुद्र ओलांडून ये.

स्टुडंट व्हिसाची रांग लांब आहे, महाग आहे, पण ती आहे. ती याला लागू नाही. याच्यासाठी रांगच नाही, तर मोडणार काय?

याचा उलटा पुरावाही आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ब्रिटनने खास व्हिसा काढले, लोकांनी आपल्या घरात खोल्या दिल्या आणि दोन लाखांहून जास्त युक्रेनी विमानाने, ट्रेनने आले. युक्रेनी लोकांनी भरलेली रबरी बोट पाहिलीये कोणी? त्यांना गरजच पडली नाही.

यावर एक मुद्दा हमखास येतो आणि तो रास्त आहे : ते फ्रान्समध्ये होते ना, फ्रान्स काही युद्धभूमी नाही, तिथेच का नाही थांबले? बहुतेक जण थांबतातच. २०२४ मध्ये फ्रान्समध्ये आणि जर्मनीत ब्रिटनपेक्षा जास्त आश्रय अर्ज आले. पुढे येतात ते भाषेमुळे, भाऊ-काका आधीच तिथे असल्यामुळे, काही वेळा युरोपात अर्ज आधीच फेटाळला गेल्यामुळे. १९५१ च्या निर्वासित करारात 'पहिल्या सुरक्षित देशातच थांबा' अशी अट नाही. बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नका असं कलम ३१ म्हणतं, पण तिथे 'थेट आलेले' असे शब्द आहेत आणि त्या दोन शब्दांवर वकील वर्षानुवर्षं भांडतायत. शिवाय ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होता तेव्हा लोकांना परत पाठवण्याचा एक करार तरी होता. ब्रेक्झिटनंतर, २०२० संपताना, तोही गेला. त्या कराराखाली फार लोक परत जात होते असं नाही, पण ज्यांनी 'सीमेवर ताबा मिळवू' म्हणून मतं मागितली त्यांनीच तो सोडला, हे विसरता येत नाही.

मग राजकारणी काय करत होते? घोषणा. एप्रिल २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी जाहीर केलं की बोटीने आलेल्यांना रवांडाला पाठवू. जूनमधलं पहिलं विमान युरोपियन मानवाधिकार न्यायालयाच्या हस्तक्षेपामुळे उडालंच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ही योजना बेकायदा ठरवली. ऋषी सुनक यांनी मग कायदा करून रवांडा सुरक्षित असल्याचं घोषित केलं. संसदेने ठराव करून कुर्ला शांत असल्याचं जाहीर करावं, तसं काहीसं. २०२४ च्या जुलैमध्ये लेबर पक्षाचं सरकार आलं आणि योजना गुंडाळली. नव्या सरकारच्या हिशेबाने खर्च ७० कोटी पौंड, गेलेली माणसं चार, तीही स्वतःहून.

बरं, या योजनेच्या पुढच्या फळीतले चेहरे कोण? प्रीती पटेल, सुएला ब्रेव्हरमन, सुनक. तिघांच्याही घरची मुळं भारतीय, तिघांचीही वाट पूर्व आफ्रिकेतून गेलेली. याचं लोकांना आश्चर्य वाटतं, मला फारसं वाटत नाही. 'आम्ही रांगेत आलो' ही भावना सगळ्यात तीव्र असते ती आदल्या खेपेला आलेल्यांची.

आणि आता आपल्याला अवघड जाणारा भाग. त्या बोटींमध्ये भारतीयही आहेत. २०२२ मध्ये काही शे होते. तेव्हा सर्बियात भारतीयांना व्हिसाशिवाय जाता यायचं, तिथून पुढे जमिनीने फ्रान्स. १ जानेवारी २०२३ पासून सर्बियाने ती सोय बंद केली. भारतीयांचे आश्रय अर्ज बहुतांशी फेटाळले जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रान्सबरोबरच्या नव्या 'एक परत, एक आत' कराराखाली ब्रिटनने पहिल्यांदा ज्या माणसाला परत पाठवलं, तो भारतीय होता. म्हणून 'दारं उघडा, बोटी आपोआप थांबतील' असं जे म्हणतात, त्यांचंही मला अर्धंच पटतं. खिडकी उघडली तरी काहींना 'नाही' म्हटलं जाईल आणि त्यातले काही तरीही बोटीत बसतील. खिडकीने सुदानी तरुणाचा जीव वाचेल, एजंटला पंचवीस-तीस लाख देऊन निघालेल्याचा प्रश्न सुटणार नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं निम्मं उत्तर आपल्या गावातल्या रोजगारात आहे.

हॉटेलबद्दलही बोलायला हवं. स्थानिकांचा सगळा राग वर्णद्वेषी नाही. गावात भाड्याने घर मिळत नाही, डॉक्टरची वेळ मिळत नाही आणि न विचारता तिथलं हॉटेल सरकार घेतं, तर माणूस चिडतो. पण हॉटेलं भरली कशाने? जून २०२३ मध्ये निर्णयाची वाट बघणाऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांवर होती. या लोकांना बहुतेक वेळा काम करायची परवानगी नसते. म्हणजे अर्ज तुम्हीच तुंबवायचे, कमवायलाही तुम्हीच द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, बघा, फुकट खातायत.

त्या चिडीत अफवेची काडी पडली की काय होतं ते २०२४ च्या उन्हाळ्यात दिसलं. साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे अशी खोटी बातमी फोनोफोनी पसरली. तो जन्मला होता वेल्समधल्या कार्डिफमध्ये. काही दिवसांत रॉदरहॅमजवळ आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला, आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. त्या आठवड्यात भारतीय उच्चायुक्तालयाने आपल्या नागरिकांनाही सावध राहा म्हणून सूचना काढली होती. रस्त्यावरचा जमाव कोणाचा व्हिसा कुठल्या प्रकारचा आहे, आरोग्य अधिभार भरलाय की नाही, हे विचारत बसत नाही.

सध्या कुठे आलंय प्रकरण? नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी प्रस्ताव मांडला : निर्वासिताचा दर्जा तात्पुरता, दर अडीच वर्षांनी तपासणी आणि बेकायदा आलेल्यांना कायमस्वरूपी राहायला वीस वर्षं वाट. डेन्मार्कचा कित्ता. त्यातच पुढे मर्यादित संख्येने कायदेशीर मार्ग उघडण्याची गोष्टही आहे. फ्रान्सच्या कराराचा दुसरा अर्धा भागही तोच : बोटीने आलेला एक परत, त्या बदल्यात फ्रान्समधून अर्ज केलेला एक जण रीतसर आत. म्हणजे खिडकी आहे, पण किती मोठी? पहिल्या काही आठवड्यांत परत गेलेले शंभराच्या आत होते. आणि ६ सप्टेंबर २०२५ या एकाच दिवशी बोटींनी आलेले होते १,०९७.

तुमच्यापैकी जे तिकडे आहेत त्यांनी व्हॉइस नोट पाठवा. हॉटेलजवळ राहत असाल तर नक्की पाठवा, दोन्ही बाजूंचं ऐकायचंय. पुढच्या भागात डेन्मार्क.