क्षयजंतूच्या ऊर्जेवर घाला

रिफँपिसिन आणि आयसोनायझिड या दोन्ही आधारभूत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाने ग्रासलेल्या रुग्णाला काही वर्षांपूर्वीपर्यंत दीड-दोन वर्षे उपचार घ्यावे लागत, आणि त्यांतले कित्येक महिने रोज टोचून घ्याव्या लागणाऱ्या इंजेक्शनांपायी अनेकांची श्रवणशक्ती कायमची नष्ट होई. या दारुण अवस्थेला कलाटणी दिली ती बेल्जियममधील कोएन आंद्रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली जगापुढे मांडलेल्या आणि २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालेल्या बेडाक्विलिन या संयुगाने. जंतूच्या पेशीत पाणचक्कीसारखे फिरून ऊर्जा निर्माण करणारे जे प्रथिन असते, नेमके त्यालाच हे संयुग जखडते. त्यामुळे सुप्तावस्थेतील जंतूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या जोडीने, केवळ तोंडावाटे घेण्याच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली.

परंतु औषध सापडणे निराळे आणि ते गरिबाच्या पदरी पडणे निराळे. बेडाक्विलिनच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपत असता, मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवू पाहणारा उत्पादक कंपनीचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नामंजूर केला. या अर्जाला हरकत घेणाऱ्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनीही क्षयाच्या उपचारांतच आपली श्रवणशक्ती गमावली होती. त्यांचे उपकार मोठे आहेत.

आता बेडाक्विलिनलाही न जुमानणारे जंतू आढळू लागले आहेत. अर्धवट उपचारांनी अशा जंतूंना वावच मिळतो. म्हणून, श्रोतेहो, बरे वाटू लागले तरी वैद्यांच्या सल्ल्यावाचून औषध मध्येच सोडू नका.