भूमिका संपल्यावर उरलेली विद्या



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून प्रमुख पाहुण्याने चारित्र्य, परिश्रम आणि देशसेवा या विषयांवर चार शब्द सांगावेत असा आपल्याकडे फार दिवसांचा शिरस्ता आहे, आणि तो चांगलाच आहे; परंतु ज्याची सारी कारकीर्द वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात, म्हणजे स्नायू, मज्जातंतू आणि मेंदू यांचा परस्परव्यवहार तरुण मुलामुलींना उलगडून दाखवण्यात गेली, त्याने आपल्या मनाला ज्याची खरी ओढ आहे असाच विषय तुमच्यापुढे मांडणे अधिक योग्य होईल, असे मला वाटले. चित्रपटातील एखाद्या अद्भुत, अतिमानवी भूमिकेसाठी नट किंवा नटी जे शस्त्र चालवायला शिकते, ती विद्या चित्रीकरण आटोपल्यावर, रंग उतरल्यावर, करारनाम्याची मुदत सरल्यावर कोठे जाते? ती राहते काय, आणि राहत असेल तर कोणत्या अटींवर राहते?

सुपरहिरोंचे चित्रपट तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहेत. त्यांतील उड्डाणे, स्फोट आणि कोसळणाऱ्या इमारती आज बहुतांशी संगणकाच्या स्वाधीन झालेल्या आहेत, आणि म्हणून पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला स्वतःला काही येण्याचे कारणच उरलेले नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. या समजाचे निराकरण करणारे जे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, ते १९९२ सालच्या, टिम बर्टन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटातील आहे. त्यात कॅटवूमनची, म्हणजे मार्जारवेष धारण करून हाती चाबूक घेणाऱ्या सेलिना काइलची भूमिका मिशेल फायफर या अमेरिकन अभिनेत्रीने केली. ही भूमिका आधी ॲनेट बेनिंग यांच्याकडे गेलेली होती. त्या गरोदर असल्यामुळे ती फायफरबाईंकडे आली. चाबूक शिकवण्यासाठी त्यांना अँथनी डी लाँगिस हे तलवार आणि चाबूक या दोन्ही विद्यांतले नाणावलेले वस्ताद लाभले, आणि काही महिने त्यांची तालीम चालली. शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी चाबकाचे टोक शिक्षकाच्या चेहऱ्याला लागून रक्त निघाले, आणि त्या प्रसंगाने आपण पार हादरून गेलो, असे फायफरबाईंनी पुढे स्वतःच सांगितले आहे. एवढे झाल्यावर कोणीही हे काम बदली स्त्रीकलाकाराच्या हाती सोपवले असते, आणि तशी कलाकार उपलब्धही होती. पण त्यांनी चाबूक पुन्हा उचलला. मला या साऱ्या कथेत तो दुसरा दिवस फार मोठा वाटतो.

चाबूक ही वस्तू आपल्याला वाटते तितकी साधी नाही. तो मुठीपाशी जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो, आणि त्याच्या साऱ्या सामर्थ्याचे मर्म या निमुळतेपणात आहे. मनगटाने दिलेल्या हिसक्याचा चामड्यात एक वळसा तयार होतो. तो वळसा पुढे पुढे धावू लागला म्हणजे त्याला वाहून न्यावे लागणारे वजन क्षणोक्षणी कमी होत जाते, आणि वजन घटते तसतशी गती वाढत जाऊन शेवटी तो ध्वनीच्या वेगालाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगालाही, मागे टाकतो. आपल्याला जो कडाका ऐकू येतो, तो चामडे कशावर आपटल्याचा नसून हवेत उठलेल्या आघात-तरंगाचा असतो. ॲरिझोना विद्यापीठातील गोरीली आणि मॅकमिलन या दोन गणितज्ञांनी २००२ साली या वळशाचे गणित मांडून दाखवले. पण मरीआईचा गाडा डोक्यावर घेतलेल्या बाईबरोबर फिरणारा आपल्याकडचा पोतराज गावच्या चव्हाट्यावर कोरडा कडाडवतो, तेव्हा त्याच्या मनगटाला ते गणित पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. या कामी बळाचा उपयोग थोडा. हिसका केव्हा द्यावा आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हात केव्हा थांबवावा, एवढीच खरी विद्या आहे, आणि ती पुस्तकातून, व्याख्यानातून किंवा दुसऱ्याकडे पाहून येत नाही.

आता त्या अभिनेत्रीची अवस्था ध्यानात घ्या. सरावाच्या वेळी अंगावर सैल कपडे; प्रत्यक्ष चित्रीकरणात मात्र सर्वांगाला आवळून बसणारा लेटेक्सचा पोशाख, कानांवरून ओढलेला मुखवटा, उंच टाचांचे जोडे आणि बोटांना लांब नखे, म्हणजे ज्या बोटांनी मूठ धरायची त्यांनाच अडथळा. जे साधले होते ते या साऱ्यासह नव्याने साधावे लागले. आणि तरीही त्या चित्रपटातील मोठ्या दुकानाच्या दृश्यात त्यांनी चाबकाने एकामागून एक अशी चार पुतळ्यांची मस्तके एकाच सलग चित्रणात उडवली, आणि लगेच त्याच चाबकाच्या दोरीउड्या मारीत त्या निघून गेल्या. हे चित्रण पाहणाऱ्या तंत्रज्ञांनी उत्स्फूर्तपणे टाळ्या वाजवल्या. त्या दृश्यात संगणकाचा काही वाटा नाही.

यानंतर सत्तावीस वर्षे लोटली. २०१९ साली, वयाची साठ वर्षे पूर्ण केलेल्या फायफरबाईंनी आपला तो जुना चाबूक घरातून शोधून काढला आणि तो चालवीत असल्याची एक छोटी चित्रफीत समाजमाध्यमावर सर्वांसाठी प्रसिद्ध केली. कोणी दिग्दर्शक समोर नव्हता, मोबदला नव्हता, मुखवटाही नव्हता. हात मात्र तोच होता.

अशा वेळी आपण ‘हाताला आठवते’ असे सहज म्हणतो, पण शास्त्रदृष्ट्या आठवण हातात नसून मेंदूतच असते, आणि ती एका निराळ्याच दप्तरात असते. हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन रुग्णाचे उदाहरण मी माझ्या प्रत्येक वर्गाला सांगत आलो. फेपऱ्याच्या तीव्र विकारावर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतून, नवी स्मृती घडवण्याच्या कामी येणारा दोन्ही बाजूंचा भाग काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून नव्याने घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या ध्यानात राहीनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने त्याला आरशात पाहून एका चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला लावली, आणि हा प्रयोग तीन दिवस केला. प्रत्येक दिवशी त्याला वाटे की आपण हे काम पहिल्यांदाच करीत आहो. परंतु त्याच्या चुका मात्र दिवसेंदिवस कमी होत गेल्या. शिकल्याची आठवण नाहीशी होऊनही शिकलेले शिल्लक राहते, हे यावरून सिद्ध झाले, आणि हालचालींची ही स्मृती लहान मेंदू व मोठ्या मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रे यांच्या स्वाधीन असते, हे पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केले.

ती किती काळ टिकते, याचाही तपास झालेला आहे. फ्लाइशमन आणि पार्कर या संशोधकांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, विमानचालनासारखे हस्तकौशल्याचे काम पक्के शिकलेल्या लोकांना दोन वर्षांपर्यंतच्या खंडानंतर पुन्हा त्याच यंत्रापाशी बसवले, तेव्हा कौशल्य बहुतांशी कायम असल्याचे आणि जे थोडे उणावले होते तेही अल्पशा सरावाने भरून आल्याचे आढळले. याच्या उलट, ज्या कामात एकामागून एक ठरावीक पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागतात, ते काम लवकर विसरते. हृदय बंद पडलेल्या रोग्याची छाती दाबून त्याचे रक्ताभिसरण चालू ठेवण्याची कृती शिकलेल्या माणसांचे कौशल्य काही महिन्यांतच उणावते, आणि म्हणून रुग्णालयांतून तिची उजळणी पुनःपुन्हा करून घ्यावी लागते. नटाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. लढाईच्या दृश्यात कोणत्या वारानंतर कोणता वार, कोणत्या पावलानंतर कोणते पाऊल, हा बसवलेला क्रम तो थोड्याच दिवसांत विसरून जाईल, त्याच्या तळहाताचे घट्टे जातील, दंडातील ताकद जाईल, दमही जाईल. राहील तो वळसा सोडण्याचा नेमका क्षण, शस्त्राच्या भाराची जाणीव आणि पायांचा पवित्रा. १९८९ नंतर थेट २००८ साली हॅरिसन फोर्ड इंडियाना जोन्स या नायकाच्या भूमिकेत परत आले, तेव्हा त्यांचा जुना हात पुन्हा बसवून देण्याचे काम याच डी लाँगिस यांनी केले. आणि जुना हात बसवणे हे नव्याला अक्षरओळख करून देण्यासारखे काम नव्हे, हे कोणताही वस्ताद सांगेल.

पण प्रत्येक शस्त्रविद्या सारखीच टिकते असे नाही, आणि या फरकाचा मी पुष्कळ विचार केला आहे. धनुर्धारी नायकाचे चित्रण करताना कित्येकदा बाण प्रत्यक्ष सुटतच नाही. तो मागाहून संगणकावर चितारला जातो. बाणावाचून दोरी सोडली तर धनुष्य मोडण्याचा संभव असतो, म्हणून नटाने दोरी ओढायची, चेहऱ्यावर एकाग्रता आणायची आणि तेथेच थांबायचे. त्याचा नेम बरोबर होता की चूक, हे त्याला कोण सांगणार? दिग्दर्शक फार तर ‘छान दिसले’ एवढेच सांगेल. चाबकाचे तसे नाही. वार साधला तर तो कडाडतो, नाही साधला तर मुका राहतो, आणि हा निवाडा क्षणार्धात, कोणाची भीडमुर्वत न धरता, शिकणाऱ्याच्या कानावर पडतो. शेकडो वेळा असा निवाडा ऐकून जो हात घडला, तो पडद्यावरच्या दिसण्यासाठी घडलेला राहत नाही. तो त्या माणसाचा स्वतःचा होतो. फायफरबाईंचा चाबूक सत्तावीस वर्षे टिकला, याचे श्रेय मी त्यांच्या जिद्दीइतकेच या निवाड्याला देतो.

या संदर्भात आपल्या मुंबईचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. मुखवटा घालून, हाती चाबूक घेऊन अन्यायाविरुद्ध उभी राहणारी नायिका परळच्या वाडिया मूव्हीटोनमध्ये होमी वाडिया यांच्या ‘हंटरवाली’ या चित्रपटातून १९३५ सालीच पडद्यावर आली होती. ती भूमिका करणारी नादिया, मूळची मेरी एव्हान्स, १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मली, लहानपणी मुंबईत आणि नंतर पेशावरकडे वाढली, तेथे घोड्यावर बसणे आणि बंदूक चालवणे शिकली, आणि पुढे सर्कशीतही राहिली. तिने चित्रपटात केलेल्या धाडसांसाठी कोणी बदली माणूस नव्हते. फायफरबाईंनी भूमिकेसाठी विद्या शिकून ती आयुष्यात आणली. नादियाने आयुष्यात शिकलेली विद्या भूमिकेत आणली, आणि ‘हंटरवाली’नंतर आठ वर्षांनी ‘हंटरवाली की बेटी’ आला तेव्हा तो हात तयारच होता. १९६८ साली, साठीच्या उंबरठ्यावर, ती ‘खिलाडी’ या चित्रपटात पुन्हा पडद्यावर आली. ८ जानेवारी हा तिचा जन्मदिवस, आणि १९९६ साली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईत तिचे देहावसान झाले. आपल्या चित्रसृष्टीने तिचे जेवढे स्मरण ठेवावयास हवे होते तेवढे ठेवले नाही, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक नाव ओझरते सांगतो. जीना डेव्हिस या अभिनेत्रीने चित्रपटांसाठी बेसबॉल आणि इतर कौशल्ये शिकता शिकता आपल्यात खेळाडूचा पिंड असल्याचे ओळखले, १९९६ च्या ऑलिंपिकमधील धनुर्विद्या पाहून ती शिकायला घेतली, आणि १९९९ साली वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, सुमारे ३०० स्त्री-धनुर्धरांमधून, सिडनी ऑलिंपिकसाठीच्या अमेरिकन निवडचाचणीच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. तेथे बाण खरे होते.

आता तुमच्याविषयी. मघाशी याच रंगमंचावर तुमच्यापैकी काही मुलामुलींनी लाठी फिरवली, दोघींनी दांडपट्ट्याचे हात केले, लेझमीचा ताफा एका ठेक्यावर चालला. हे सारे तुम्ही संमेलनासाठी शिकलात, आणि संमेलन आज रात्री संपेल. संमेलनासाठी शिकलेले असले म्हणून ते कमी प्रतीचे आहे असे मुळीच नाही. पट्टा फिरवताना ज्या मुलीचे पाते हवेत स्वच्छ घुमले, तिला ते स्वतःच्या कानांनी ऐकू आले आहे. तो निवाडा तिच्याजवळ राहील. मात्र ज्यांनी केवळ आपल्या पुढच्याकडे पाहून हात हलवले, त्यांना, आणि अशी मुले प्रत्येक ताफ्यात असतातच, माझे प्रेमाचे सांगणे आहे की त्यांनी लाठी आणखी काही दिवस हातची सोडू नये, कारण अर्धवट शिकलेले कौशल्य फार लवकर जाते. आणि सराव एकाच दिवशी चार तास करण्यापेक्षा तो थोडा थोडा, मध्ये खंड ठेवून करावा. असा सराव अधिक काळ टिकतो, हे शास्त्राने वारंवार पडताळून पाहिलेले आहे.

मुख्याध्यापिकाबाईंना माझी एक विनंती आहे. जूनमध्ये उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडेल, त्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी, आगाऊ सूचना न देता, याच मुलामुलींना मैदानावर बोलावून हेच खेळ पुन्हा करायला सांगावे. कोणाला पहिल्याच खेपेस जमले, कोणाला दोन खेपा लागल्या, कोण क्रम विसरले पण पवित्रा विसरले नाही, याची शिक्षकांनी एका वहीत रीतसर नोंद करावी, आणि ती वही मला पाहावयास मिळावी. त्या कामी लागणाऱ्या लाठ्यांचा आणि पट्ट्यांचा खर्च मी आनंदाने देईन.