कवडशातले कण : डोळ्यातील दाह आणि त्याचे तज्ज्ञ

डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय मराठी घरांत इतकी मुरलेली आहे, की लाल डोळ्याची दुसरीही एक जात असते हे सुशिक्षितांच्याही सहसा ध्यानात येत नाही. डोळे येतात तेव्हा पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण सुजते, चिपडे धरतात, पापण्या चिकटतात आणि बहुधा काही दिवसांत दुखणे ओसरते. परंतु डोळ्याच्या भिंतीचा मधला थर सुजतो तेव्हा चिपडे येत नाहीत, लाली बुबुळाच्या कडेभोवती दाटते, उजेड सोसवत नाही, नजर धूसर होते, आणि उपचार लांबले तर गेलेली नजर पुष्कळदा परत येत नाही. बाहेरचे पांढरे कवच आणि आतले दृष्टिपटल यांच्यामध्ये असलेल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या या थराला वैद्यकात ‘युव्हिया’ म्हणतात. द्राक्षाच्या लॅटिन नावावरून हा शब्द आला आणि त्यावरून या थराच्या दाहाला ‘युव्हायटिस’ हे नाव पडले.

हा दाह ओळखायला साधी बॅटरी पुरत नाही. १९११ साली स्वीडनच्या ऑल्व्हार गुलस्ट्रांड यांनी पुढे आणलेल्या स्लिट लॅम्पमधून, म्हणजे फटीतून येणाऱ्या अरुंद प्रकाशझोताच्या सूक्ष्मदर्शकातून, डोळा पाहावा लागतो. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातील पाणी एरवी काचेसारखे निर्मळ असते. दाह झाला की रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्रथिने त्यात झिरपतात, आणि अंधाऱ्या माजघरात कौलांच्या फटीतून उतरलेल्या कवडशात धुळीचे कण दिसावेत तशा त्या पेशी झोतात तरंगताना दिसतात. एक मिलिमीटर लांबी-रुंदीच्या झोतात त्या किती भरतात यावरून दाहाची तीव्रता ठरवली जाते.

खरा प्रश्न मात्र त्यापुढचा आहे. दाह जंतूंमुळे आहे की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यामुळे, याचा निवाडा झाल्यावाचून औषध देणे धोक्याचे असते, कारण दुसऱ्या प्रकारात तारणारे स्टेरॉइड पहिल्या प्रकारात, जंतुनाशकाच्या जोडीविना दिल्यास, घात करू शकते. म्हणून नेत्रशल्यशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर याच विकारांचा वेगळा अभ्यास केलेला तज्ज्ञ डोळ्यासंबंधी कमी आणि उरलेल्या शरीरासंबंधी अधिक विचारतो: पहाटे कंबर आखडते आणि चालल्यावर मोकळी होते का, तोंडात वारंवार व्रण उठतात का, घरात कोणाला क्षय झाला होता का, पुराच्या पाण्यातून चालणे झाले का. रुग्णाला ही चौकशी अवांतर वाटते. निदान मात्र बहुधा तिच्यातच दडलेले असते. कंबरेच्या प्रश्नामागे मणक्यांचा संधिवात असतो, ज्याचे पहिले निदान कधीकधी नेत्रतज्ज्ञाच्याच खोलीत होते. पुराच्या प्रश्नामागे मदुराईचा अनुभव आहे: १९९३ च्या अखेरच्या अतिवृष्टीनंतर तेथे युव्हायटिसच्या रुग्णांची लाट आली, आणि तिचे मूळ उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये सापडले. दर पावसाळ्यात ‘लेप्टो’चे नाव ऐकणाऱ्या मुंबईकरांनाही ताप उतरल्यानंतर काही महिन्यांनीसुद्धा डोळा लाल होऊ शकतो याची कल्पना क्वचितच असते. सर्वांत कपटी प्रकार लहान मुलांचा: संधिवात असलेल्या मुलाचा डोळा आतून सुजत असतानाही बाहेरून पांढराशुभ्र राहतो आणि मूल तक्रारही करत नाही, त्यामुळे अशा मुलांचे डोळे काही तक्रार नसतानाही ठरावीक मुदतीने तपासावे लागतात.

उपचारात स्टेरॉइडच्या थेंबांबरोबर बाहुली मोठी करणारे थेंब दिले जातात, नाहीतर बुबुळाचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटून बसतो. स्टेरॉइड दीर्घकाळ चालले तर मोतीबिंदू आणि काचबिंदू ओढवतात, म्हणून दाह रेंगाळला की संधिवाततज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे आणावी लागतात. भारतासह पाच देशांतील २१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांपैकी स्वस्त मेथोट्रेक्सेट महागड्या मायकोफेनोलेटपेक्षा उणे ठरले नाही. आपल्याकडच्या रुग्णाच्या खिशाचा विचार करता हा निष्कर्ष मोलाचाच म्हटला पाहिजे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि ते चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेली उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणारे स्टेरॉइडचे थेंब, किंवा शेजाऱ्याच्या मागच्या दुखण्यातली अर्धी उरलेली बाटली, हा या विषयातला सर्वांत निष्काळजी प्रकार आहे. दोन दिवस बरे वाटते आणि निदानाच्या खुणा तेवढ्या पुसल्या जातात. लाल डोळ्याला चिपडे नसतील आणि उजेड बोचत असेल, तर ती बाटली बाजूला ठेवून त्याच दिवशी, नाही जमले तर दुसऱ्या दिवशी, स्लिट लॅम्प असलेला दवाखाना गाठावा.