एका आईच्या लेकी, तरी वेगळ्या

एकाच घरात एक लेक सावळी, दुसरी गोरी. एक उंच, दुसरी ठेंगणी. मग बोल लागतो तो आईला. आम्ही येरवड्याच्या बायकांनीही तो ऐकलाय.

खरं काय? रंग-उंचीचे गुण प्रत्येक बाळाला निम्मे आईकडून, निम्मे बापाकडून मिळतात. पण दर खेपेला वाटणी नवी, पत्ते पिसावेत तशी. म्हणून आजीचा रंगही मधूनच नातीत उतरतो. यात कुणाचा दोष नाही.

रंगरूपावरून अक्कलही ठरत नाही. आमच्या येरवड्यातल्या डेक्कन कॉलेजात १९३९पासून इरावती कर्वे होत्या. त्याआधी बर्लिनमध्ये शिकताना त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. गोऱ्यांच्या कवटीची घडण वेगळी, म्हणून बुद्धी जास्त, असं त्यांच्या प्राध्यापकांचं मत. मोजमापात तसं निघालं नाही, आणि बाईंनी तसंच लिहिलं.

एक फरक मात्र जन्माचा नसतो, ताटातला असतो. मुलाला दूध-अंडं, मुलीला उरलंसुरलं. मग तिची वाढ खुंटली तर रक्ताला काय बोल लावायचा? तो फरक आपल्या हातातला. आज वाढताना दोन्ही ताटं शेजारी ठेवून बघा.