तेलताडाच्या लहान बागांतील कीड-व्यवस्थापन: स्वागताध्यक्षीय भाषण

या परिषदेसाठी आलेले कीटकशास्त्रज्ञ, कृषी विस्तार कार्यकर्ते आणि विशेष आदराने दोन-चार एकरांत तेलताड, म्हणजेच ऑइल पाम, लावून त्यावर संसार चालवणारे बागायतदार या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे.

केंद्र सरकारने 2021 मध्ये तेलताडाचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आणि 2025-26 पर्यंत लागवड 10 लाख हेक्टरांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. या लागवडीचा मोठा भाग आंध्र प्रदेश व तेलंगणात असून, पहिले घड हाती येईपर्यंत शेतकऱ्याला तीन-चार वर्षे थांबावे लागते. याच काळात गेंडा भुंगा रोपाच्या गाभ्यात शिरून सुई, म्हणजे न उमललेली झावळी, पोखरतो आणि पुढे ती उघडली की पात्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. कोकणातील माडाच्या बागायतदारांना हे काप चांगलेच ओळखीचे आहेत.

भुंगा गाभ्यात सापडत असला, तरी त्याची अळी शेणखताच्या ढिगात किंवा कुजक्या खोडात वाढते. म्हणून ढीग उपसून अळ्या वेचणे, अळीच्या शरीरात वाढून तिला मारणारी मेटारायझियम ही हिरवी बुरशी ढिगात मिसळणे आणि नराच्या गंधाची प्रतिकृती वापरून भुंगे पकडणारे कामगंध सापळे लावणे, हे उपाय गावाने एकत्र करावे लागतात. एकट्याचा सापळा शेजारचे भुंगेही त्याच्याच बागेकडे ओढू शकतो.

सरसकट फवारणीचा मोह मात्र महागात पडतो. मलेशियात 1960 च्या दशकात व्यापक परिणामाच्या कीटकनाशकांनी मित्रकीटक मारले आणि पानांचे कोश करून राहणाऱ्या अळ्यांचे उद्रेक झाले. त्याहून नाजूक प्रश्न परागीभवनाचा आहे. एलिडोबियस कॅमेरुनिकस हा आफ्रिकी सोंडकिडा नरफुलांत वाढतो आणि परागकण मादीफुलांपर्यंत नेतो. तो मलेशियात 1981 मध्ये व भारतात 1985 मध्ये आणला गेला. त्याआधी मलेशियातील बागांत माणसांना हाताने परागीभवन करावे लागे. फुलोऱ्यावर विषारी फवारा मारणारा शेतकरी घड भरवणाऱ्या किड्यालाच मारतो, ही गोष्ट औषधविक्रेत्याने सांगण्याआधी विस्तार यंत्रणेने सांगायला हवी.

म्हणूनच औषधांच्या मात्रांइतकाच वेळ या परिषदेने शेणखताच्या ढिगांना द्यावा आणि गावभरचे ढीग उपसण्याची मजुरी शेतकरी गट, तेल गिरण्या व शासन यांच्यात कशी वाटावी, यावर बागायतदारांच्या साक्षीने निर्णय घ्यावा, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.